मेडिकेअर भारतात चालतं का? अमेरिकेतून रिटायर होऊन परत येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियात तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात परत येणारी मंडळी बरीच वाढलीयेत. फ्लॅट कुठे घ्यायचा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) झालं का, बँकेत कुठलं अकाउंट ठेवायचं याची चौकशी सगळे आधी करतात आणि मेडिकेअरचं, म्हणजे ६५ च्या पुढच्यांसाठी असलेल्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचं काय हा प्रश्न सामान शिपिंगला गेल्यावर निघतो, तोवर एकदोन तारखा हातच्या गेलेल्या असतात. म्हणून लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. डॉलरचे आकडे २०२६ सालचे आहेत, ते दर वर्षी बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजे बघून घ्या.

मेडिकेअर भारतात चालतं का?

नाही. कार्ड वैध असतं, प्रीमियम वेळेवर भरलेला असतो, तरी पुण्यातल्या हॉस्पिटलचं बिल मेडिकेअर देत नाही. अँजिओप्लास्टी असो, डायलिसिस असो, नाहीतर नुसती ओपीडी असो, उत्तर तेच. इमर्जन्सी असली तरी तेच.

पण आम्ही आयुष्यभर टॅक्स भरलाय ना?

भरलाय, आणि म्हणूनच हे मनाला लागतं. जुनी पेस्लिप काढून बघा, त्यावर दोन वेगळ्या कपाती दिसतील, सोशल सिक्युरिटीची ६.२ टक्के आणि मेडिकेअरची १.४५ टक्के, आणि तेवढेच पैसे मालकानेही भरलेले असतात. पगार वर्षाला एक लाख डॉलर धरला तर मेडिकेअरचे तुमचे १,४५० आणि कंपनीचे १,४५० असे वर्षाला २,९०० डॉलर गेले, पंचवीस वर्षांत ७२,५००. आता रिटायर झाल्यावर पहिल्या ओळीतलं पेन्शन तुम्ही जगात जवळपास कुठेही राहा, येतं. दुसऱ्या ओळीतलं विमानतळावरच थांबतं. कपात एकाच पगारातून, त्याच एका सहीने झालेली, मग वागणूक वेगळी का, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

कारण कायद्यातच आहे. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, १ जुलै १९६६ पासून योजना चालू झाली, आणि अमेरिकेबाहेर दिलेल्या सेवेचे पैसे द्यायचे नाहीत हे त्या कायद्यात लिहिलेलं आहे. त्यामुळे कॉल सेंटरवरच्या माणसाशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं.

अमेरिका म्हणजे नक्की काय काय धरतात?

५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी, प्वेर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स, ग्वाम, नॉर्दर्न मारियाना आणि अमेरिकन सामोआ. म्हणजे पॅसिफिकमधल्या ग्वामला चालतं पण तिथून विमानाने काही तासांवर असलेल्या मनिलाला चालत नाही.

एकही अपवाद नाही?

तीन आहेत, पण भारतात राहणाऱ्याला एकाचाही उपयोग नाही. पहिला, तुम्ही अमेरिकेत असताना इमर्जन्सी आली आणि सीमेपलीकडचं हॉस्पिटल जास्त जवळ होतं. दुसरा, अलास्का आणि बाकीची राज्यं यांच्यामध्ये कॅनडातून सरळ रस्त्याने, वाटेत उगाच न रेंगाळता जात होतात आणि तेव्हा इमर्जन्सी आली. तिसरा, तुमचं घर अमेरिकेतच आहे पण त्या घराला परदेशातलं हॉस्पिटलच जवळ पडतं, याला इमर्जन्सीची अट नाही. शिवाय जहाजावर असाल आणि जहाज अमेरिकन बंदरापासून सहा तासांच्या आत असेल तर काही वेळा डॉक्टरची फी मिळते. सगळे अपवाद सीमेलगत राहणाऱ्यांसाठी केलेत हे लगेच कळतं. १९६५ साली रिटायर माणूस कोथरूडला जाऊन राहील हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं, भारतीयांना मोठ्या संख्येने दार उघडणारा इमिग्रेशन कायदा तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आला.

माझ्याकडे मेडिगॅप आहे, त्यात फॉरेन ट्रॅव्हल इमर्जन्सी लिहिलंय, ते चालेल का?

मेडिगॅप म्हणजे मेडिकेअरनंतर उरलेल्या खर्चासाठी घेतलेली खासगी पॉलिसी. फिरायला आलात तर चालेल, राहायला आलात तर नाही. प्लॅन सी, डी, एफ, जी, एम आणि एन यांच्यात ही सोय असते (सी आणि एफ २०२० च्या जानेवारीपासून नव्याने मेडिकेअरमध्ये येणाऱ्यांना मिळत नाहीत). अटी अशा की ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांतली इमर्जन्सी हवी, आधी २५० डॉलर तुमचे, मग ८० टक्के त्यांचे, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. दिवाळीला दीड महिना घरी येणाऱ्याला हे फार कामाचं आहे. कायमचं राहणाऱ्याचे ६० दिवस सामान लावण्यातच संपतात.

मेडिकेअर ॲडव्हांटेज म्हणजे पार्ट सी (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर जरा जास्त जपून राहा. काही प्लॅन जगभरातली इमर्जन्सी देतात, पण तुम्ही त्या प्लॅनच्या भागात राहणं गरजेचं असतं, आणि साधारण सहा महिने सलग बाहेर राहिलात की प्लॅनमधून नाव कमी होतं. पत्र येतं ते जुन्या पत्त्यावर, आणि तिथे आता दुसरंच कुणी राहत असतं.

पार्ट ए ठेवायचा का?

हो, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षं नोकरी झाली असेल तर पार्ट ए ला प्रीमियम नाही. परत गेलात तर हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होण्याचा खर्च त्यात येतो. फुकटची गोष्ट सोडू नका.

आणि पार्ट बी?

इथे खरी गोची आहे. डॉक्टरांची फी आणि ओपीडीतले उपचार पार्ट बी मध्ये येतात. पार्ट बी चा साधा प्रीमियम महिना २०२.९० डॉलर आहे, दोघांचा मिळून वर्षाला ४,८६९ डॉलर होतो, रुपयांत चार लाखांच्या वर. भारतात राहून हे भरायचं म्हणजे ज्याचा इथे एक रुपयाचा उपयोग नाही त्याचे पैसे देत राहायचं. आणि नाही भरलं तर पेनल्टी. पार्ट बी घ्यायची वेळ आली तेव्हा घेतला नाही तर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के प्रीमियम वाढतो आणि ही वाढ जन्मभर राहते.

आता नीट गणित करू, कारण पेनल्टी हा शब्द ऐकूनच लोक घाबरतात आणि गणित कुणी करत नाही. समजा तुम्ही ६५ व्या वर्षी पार्ट बी न घेता भारतात आलात आणि सहा वर्षांनी मुलीकडे परत गेलात. पेनल्टी ६० टक्के, म्हणजे आजच्या दराने महिना सुमारे १२२ डॉलर जास्त, वर्षाला साधारण १,४६० डॉलर. सहा वर्षांत वाचलेला प्रीमियम १४,६०० डॉलर. म्हणजे वाचवलेले पैसे पेनल्टीत फिटायला परत गेल्यापासून दहा वर्षं लागतात. गंमत म्हणजे तुम्ही तीन वर्षं बाहेर राहा नाहीतर बारा वर्षं, हे उत्तर दहा वर्षंच येतं, कारण वर्षाला दहा टक्के हाच हिशोब आहे. प्रीमियम वाढत जातो म्हणून प्रत्यक्षात थोडं आधी फिटतं, २०१६ ला तो १२१.८० होता यावरून वाढीचा अंदाज घ्या. पण ढोबळ मानाने, पंचाहत्तरीत परत जाऊन पुढे आठ-दहा वर्षं तिथे काढणार असाल तरच पेनल्टीचा तोटा होतो.

त्यामुळे नुसत्या पेनल्टीच्या भीतीने पार्ट बी भरत राहू नका असं मला अगदी स्पष्ट सांगावंसं वाटतं. भीती धरायचीच असेल तर तारखांची धरा, ते पुढच्या प्रश्नात आहे.

अजून एक. तुमचं उत्पन्न जास्त असेल तर पार्ट बी चा प्रीमियम २०२.९० वर थांबत नाही. २०२६ ला एकट्याचं १,०९,००० आणि जोडप्याचं २,१८,००० डॉलरच्या वर गेलं की जादा आकार लागतो, आणि तो दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून ठरतो. निघताना एडिसनचं नाहीतर फ्रीमाँटचं घर विकलं, त्या वर्षी मोठा गेन दिसला, की दोन वर्षांनी तुम्ही भारतात साध्या पेन्शनवर असताना मोठा प्रीमियम लागतो. घर विकणं हे सूट मागायच्या कारणांमध्ये धरत नाहीत.

परत गेलो तर लगेच पार्ट बी मिळेल ना?

नाही, आणि हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. पार्ट बी सोडलेल्या किंवा न घेतलेल्या माणसाला तो घ्यायची खिडकी वर्षातून एकदाच उघडते, १ जानेवारी ते ३१ मार्च. अर्ज केला की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून कव्हर चालू होतं (२०२३ च्या आधी तर जुलैपर्यंत थांबावं लागायचं). आता समजा एप्रिलमध्ये इथे बायॉप्सी झाली, रिपोर्ट वाईट आला, मुलगा म्हणाला बाबा इकडे या, तुम्ही मे महिन्यात तिथे पोचलात. पार्ट ए आहे, ॲडमिट झालात तर १,७३६ डॉलरच्या डिडक्टिबलनंतर (ही रक्कम आधी तुम्ही भरायची) हॉस्पिटलचा भाग निघेल. पण सर्जनची फी पार्ट बी मध्ये, भूल देणाऱ्याची फी पार्ट बी मध्ये, ओपीडीतली केमो पार्ट बी मध्ये, रेडिएशन, एमआरआय सगळं पार्ट बी मध्ये, आणि तो तुम्हाला मिळणार पुढच्या १ फेब्रुवारीला. मधले नऊ महिने काय करायचं?

माझ्या ओळखीतल्या एका घरात असंच झालं, वडील जूनमध्ये अमेरिकेला गेले आणि सगळं घर जानेवारीची वाट बघत बसलं. मुलाने बिलं हप्त्यांवर फेडली, अजून फेडतोय.

म्हणून निर्णय मुलं कुठे आहेत त्यावर घ्यावा असं माझं मत आहे. मोठं आजारपण आलं तर आपण तिकडेच जाणार हे घरात ठरलेलं असेल तर पार्ट बी चालू ठेवा, तो महाग वाटला तरी. काही झालं तरी इथेच राहायचं असं मनाने पक्कं असेल, इथला विमा आणि गाठीला पैसे असतील, तर सोडा आणि ते पैसे बाजूला साठवा. आणि परतायचं असं ठरलंच तर भारतातून जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज करा आणि कव्हर चालू झाल्यावर जा. पार्ट ए बिनप्रीमियमचा असणाऱ्याला पार्ट बी चा अर्ज बाहेरून करता येतो, त्याला अमेरिकेत राहायची अट नाही.

परत गेल्यावर ॲडव्हांटेज किंवा औषधांचा पार्ट डी घ्यायला दोन महिने मिळतात. मेडिगॅपचं वेगळं आहे. ६५ नंतर पार्ट बी पहिल्यांदा ज्या महिन्यात चालू होतो तिथून सहा महिने कंपनी तुमच्या आजारांवरून नकार देऊ शकत नाही. ६५ ला पार्ट बी घेऊन मेडिगॅप न घेताच भारतात आलात तर ही खिडकी इथे बसल्या बसल्या निघून जाते आणि नंतर डायबेटिस, बीपी सगळं विचारतात. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मी भारतात येऊन परत नोकरी करतोय, तरी पेनल्टी?

तुम्ही किंवा तुमचा जोडीदार प्रत्यक्ष नोकरीत असाल आणि त्या नोकरीचं ग्रुप कव्हर असेल तर नाही. नोकरी किंवा ते कव्हर यातलं जे आधी संपेल तिथून आठ महिन्यांत पार्ट बी घेता येतो, जानेवारीची वाट बघावी लागत नाही. कंपनीकडून कव्हरच्या तारखांचं पत्र सही-शिक्क्याने घेऊन ठेवा. स्वतःचा इथला खासगी विमा यात धरत नाहीत.

४० क्रेडिट पूर्ण नाहीत, मग?

मग उलटा नियम लागतो आणि तो थोडा तुमच्या फायद्याचा आहे. अशा माणसाला मेडिकेअर विकत घ्यायचं तर अमेरिकेत राहावंच लागतं, त्यामुळे परदेशात असताना तुम्ही पात्रच नसता आणि पात्र नसलेल्या काळाची पेनल्टी बसत नाही. परत जाऊन तिथे राहायला लागलात की नव्याने मुदत मिळते. पण पार्ट ए विकत घ्यायचा तर ३० पेक्षा कमी क्रेडिटवाल्याला महिना ५६५ डॉलर पडतात. निघायच्या वेळी ३६-३७ क्रेडिट झाली असतील तर वर्षभर अजून काम करून ४० पुरी करा, कुठलंही पार्टटाइम चालेल.

बायकोने तिथे कधी नोकरी केली नाही, एच-४ वर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावरच होती. तिचं काय?

नवऱ्याची ४० क्रेडिट तिला चालतात. ती ६५ ची आणि नवरा कमीत कमी ६२ चा हवा. पण पार्ट बी प्रत्येकाचा वेगळा, तिचा अर्ज, तिचा प्रीमियम, तिची पेनल्टी सगळं स्वतंत्र. अनेक घरांत नवऱ्याचं झालं म्हणजे दोघांचं झालं असं समजतात. वहिनींचं कार्ड स्वतः डोळ्यांनी बघा, त्यावर पार्ट ए आणि पार्ट बी च्या पुढे तारखा छापलेल्या असतात.

सिटिझनशिप घेतली नाही, ग्रीन कार्डच आहे.

मग भारतात कायमचं राहणं म्हणजे ग्रीन कार्ड सोडणं असाच अर्थ निघू शकतो, वर्षाच्या वर सलग बाहेर राहायचं तर आधी रीएंट्री परमिट लागतं आणि तेही जास्तीत जास्त दोन वर्षांचं. कार्ड गेलं की मेडिकेअर वापरायला परत जाणंही जवळपास संपलं, कारण जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेअर सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि एकदोन ठरावीक गट एवढ्यांपुरतंच ठेवलंय. टुरिस्ट व्हिसावर गेलात आणि तुमची ४० काय ८० क्रेडिट असली तरी कव्हर नाही. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मात्र भारतीय नागरिकाला ४० क्रेडिट असतील तर भारतातही चालू राहतं.

भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे दोन्हीकडची नोकरीची वर्षं एकत्र करून ४० भरता येत नाहीत. अमेरिकेचे असे करार तीस देशांशी आहेत आणि आपल्या लाखो लोकांनी एच-१बी वर असताना कपात दिली, तरी आपल्याशी नाही.

इथल्या औषधांचं?

पार्ट डी भारतातल्या औषधांना पैसे देत नाही. बाहेर राहत असताना तो ठेवताही येत नाही आणि त्या काळाची पेनल्टीही नाही. सोडून द्या.

एचएसए चे पैसे इथे वापरता येतात का?

एचएसए म्हणजे अमेरिकेतलं आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं. येतात, आणि लोक हे विसरतात. भारतातल्या डॉक्टरचं, हॉस्पिटलचं, दाताचं बिल एचएसए मधून टॅक्स न लागता काढता येतं, फक्त पावती नीट हवी, पेशंटचं नाव, तारीख, काय उपचार आणि रक्कम. पार्ट बी चा प्रीमियमही त्यातून भरता येतो. पण पार्ट ए चालू झाला की नवीन पैसे टाकता येत नाहीत, आणि ६५ नंतर उशिरा अर्ज केला तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागून लागू होतो, म्हणून ते पैसे टाकणं सहा महिने आधीच थांबवा.

मग भारतात विमा कुठला घ्यायचा?

कंपनीचं नाव सांगत नाही, पण क्रम सांगतो. अजून अमेरिकेत असताना, ६५ च्या आधी जमलं तर उत्तमच, भारतातल्या पॉलिसीची चौकशी सुरू करा. आयआरडीएआयने, म्हणजे भारतातल्या विमा नियामकाने, एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयाची अट काढायला लावली, त्यामुळे आता वयावरून सरसकट नाही म्हणत नाहीत, पण मेडिकल टेस्ट, लोडिंग (आजारांमुळे जादा प्रीमियम), को-पे (बिलातला काही हिस्सा तुमचा) हे सगळं येतं. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षं. पाच वर्षं पॉलिसी सलग चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवायचा तर २०२५ पासून कंपनीला नियामकाला विचारावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य झाला, आधी १८ टक्के होता.

तीन वर्षांचं वेटिंग हाच खरा मुद्दा. आल्या आल्या पॉलिसी घेतली तरी जुन्या बीपी-शुगरशी जोडलेलं आजारपण तीन वर्षं स्वतःच्या खिशातून, असं धरून चालायचं आणि तेवढी रक्कम एफडीत बाजूला ठेवायची. अमेरिकेतले जुने मेडिकल रेकॉर्ड घेऊन या आणि फॉर्मवर सगळं खरं लिहा, एजंट म्हणाला "हे नको लिहायला काका" तरी लिहा.

सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं म्हणे, आम्हाला?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते भारतीय नागरिकांना. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. म्हणजे ज्याने अमेरिकन पासपोर्ट घेतला त्याला मेडिकेअर इथे नाही आणि आयुष्मानही नाही, दोन्ही सरकारं बाजूला झाली. भारतीय पासपोर्ट ठेवला असेल तर आधार घेऊन जा आणि कार्ड काढा, संकोच करू नका.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर काउंटरवर काय होतं?

बिलिंगवरची मुलगी विचारते, "इन्शुरन्स आहे का?" तुम्ही लाल-पांढरं-निळं कार्ड पुढे केलंत तर ती टीपीए डेस्ककडे (विम्याचे क्लेम बघणाऱ्यांकडे) पाठवते, तिथला माणूस त्याच्या यादीत नाव शोधतो, सापडत नाही, आणि सांगतो की डिपॉझिट भरा. त्या रात्री हे सगळं करायला वेळ नसतो. इथल्या पॉलिसीचं ई-कार्ड, पॅन, ओसीआय किंवा आधार यांचे फोटो जोडीदाराच्या फोनमध्ये ठेवा, आणि इथला एक नातेवाईक किंवा शेजारी असा ठरवून ठेवा ज्याला रात्री दोनला फोन करता येईल आणि जो डिपॉझिट भरू शकेल. मेडिकेअरचं कार्ड घरी कपाटात राहू द्या.

सरकारला मेडिकेअर परदेशात द्यायला काय हरकत आहे?

हे प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच पाहिजे. जे लोक हरकत घेतात त्यांची कारणं आधी सांगतो. एक, फसवणूक. खोट्या बिलांवर अमेरिकेतच लक्ष ठेवणं कठीण जातं, परदेशात कोण ठेवणार, आणि लष्कराच्या ट्रायकेअर योजनेत फिलिपिन्समधून खोटी बिलं आल्याची प्रकरणं अमेरिकन कोर्टात गेलेली आहेत. दोन, दर्जा, कुठलं हॉस्पिटल चालेल ते कोण ठरवणार. तीन, पैसा, पार्ट ए च्या फंडातली शिल्लक २०३३ ला संपेल असा विश्वस्तांचा २०२५ चा अंदाज आहे, अशा वेळी नवीन खर्च कोण अंगावर घेईल. चौथं कारण कुणी उघड बोलत नाही, मेडिकेअरचा पैसा देशातल्या हॉस्पिटलांना मिळतो आणि तो बाहेर जाऊ नये असं त्यांना वाटणारच.

आता दुसरी बाजू. ट्रायकेअर फॉर लाइफ निवृत्त सैनिकाला परदेशातही चालतं आणि तिथे तेच पहिलं पैसे देतं, फक्त पार्ट ए आणि पार्ट बी चालू ठेवायची अट आहे. व्हेटरन्स खात्याची योजना सेवेत झालेल्या दुखापतीचे उपचार परदेशात देते. सरकारी नोकरांच्या निवृत्तीनंतरच्या विम्यातल्या काही प्लॅनमध्ये परदेशातला खर्च मिळतो. म्हणजे अमेरिकन सरकारला परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल तपासून पैसे देता येतात, रोज देतंय. ज्याने सैन्यात नोकरी केली त्याला येतात आणि ज्याने न्यूआर्कच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तीस वर्षं काढली तिला नाहीत, हे मला पटत नाही. फसवणुकीचं म्हणाल तर मेडिकेअरच्या खोट्या बिलांसाठी २००७ साली पहिलं खास पथक उभं करावं लागलं ते मायामीत, तरी मायामीतल्या म्हाताऱ्यांचं मेडिकेअर कुणी बंद केलं नाही.

आणि खर्चाचं. गुडघा बदलायला किंवा बायपासला भारतात अमेरिकेच्या तुलनेत फार थोडा खर्च येतो. आज जो माणूस नाइलाजाने ऑपरेशनसाठी परत जातो त्याचं पूर्ण अमेरिकन दराचं बिल मेडिकेअर देतंच. तेच ऑपरेशन पुण्यात झालं असतं तर फंडाचे पैसे वाचले असते. पण हेही कबूल करायला हवं की जे परत जात नाहीत त्यांच्यावर आज शून्य खर्च होतो, त्यांना द्यायला लागलं तर तो वाढेल. टेक्सास विद्यापीठातले डेव्हिड वॉर्नर यांनी मेक्सिकोत राहणाऱ्या निवृत्तांसाठी नव्वदच्या दशकातच या सगळ्याचा अभ्यास केला होता, म्हणजे प्रश्न नवा नाही आणि फक्त आपला नाही. मेक्सिको, फिलिपिन्स, पोर्तुगाल सगळीकडचे लोक हेच मागतायत.

मला योग्य वाटतं ते असं, ज्यांनी पार्ट बी चा प्रीमियम भरत ठेवलाय निदान त्यांना तरी ठरवून दिलेल्या, दर्जा तपासलेल्या हॉस्पिटलांत, तिथल्या स्थानिक दराने आणि वरची मर्यादा घालून उपचार मिळावेत. सगळं मागत नाहीये कुणी.

दुसरे देश देतात का?

थोडंफार. ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेणारा माणूस युरोपियन युनियनमधल्या देशात राहायला गेला तर एस-१ फॉर्मवर त्याला तिथल्या सरकारी सेवेतून उपचार मिळतात आणि खर्च ब्रिटन देतं. भारतात आला तर ते नाही. कॅनडात ऑन्टारियोचं कव्हर ठेवायला वर्षात १५३ दिवस तिथे राहावं लागतं, त्यामुळे हिवाळ्यात इकडे आणि उन्हाळ्यात तिकडे करणारे दिवस मोजत असतात. ऑस्ट्रेलियाचे ११ देशांशी परस्पर उपचारांचे करार आहेत, त्यात भारत नाही.

पेन्शन चालू ठेवायला काही करावं लागतं का?

परदेशात राहणाऱ्याला सोशल सिक्युरिटीकडून एसएसए-७१६२ नावाचा फॉर्म टपालाने येतो, आपल्या हयातीच्या दाखल्यासारखाच, कुणाला दर वर्षी, कुणाला एक वर्षाआड. तो भरून परत गेला नाही की पेन्शन थांबतं, आणि पार्ट बी चा प्रीमियम त्याच पेन्शनमधून कापला जात असेल तर तोही अडकतो. सोसायटीच्या पत्रपेटीत फॉर्म हरवण्याचं प्रमाण मोठं आहे. पत्ता पिनकोडसकट बरोबर नोंदवा, ज्या महिन्यांत यायला हवा तेव्हा आला नाही तर अमेरिकन वकिलातीच्या फेडरल बेनिफिट्स युनिटला लिहा. पेन्शन अजून घेत नसाल तर पार्ट बी चं बिल तीन-तीन महिन्यांचं येतं, त्यासाठी अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नका आणि प्रीमियम तिथून आपोआप कापला जाईल असं करून ठेवा.

पार्ट बी बंद करायचा असेल तर सीएमएस-१७६३ फॉर्म लागतो. नुसतं पैसे भरणं थांबवून बंद करू नका, थकबाकी अंगावर राहते.

मेडिकेअर भारतात मिळावं म्हणून इथे बसून काय करता येईल?

कायदा बदलायचा म्हणजे काँग्रेसनेच, अमेरिकेच्या संसदेनेच, बदलायचा, म्हणून पत्र तिथेच जायला हवं. अमेरिकन सिटिझन भारतात राहत असला तरी संसदेच्या आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्याला मत देता येतं, १९८६ च्या कायद्याने तो हक्क आहे, आणि त्याचा मतदारसंघ म्हणजे निघायच्या आधी तो शेवटचा जिथे राहत होता तो. म्हणजे एडिसनहून आलेल्या माणसाचा खासदार एडिसनचाच. त्याच्या ऑफिसला लिहा, किती वर्षं कपात दिली, आज कुठे राहता, गेल्या वर्षी उपचारांवर काय खर्च झाला हे तीन आकडे टाकून लिहा, जुन्या पत्त्याचा झिप कोड द्या म्हणजे तुम्ही त्यांचेच मतदार आहात हे कळतं. आणि फेडरल पोस्टकार्ड ॲप्लिकेशन दर वर्षी जानेवारीत नव्याने भरा, मतपत्रिका त्यावरच येते. पार्ट बी चा अर्जही जानेवारीतच करायचा असतो, दोन्ही एकाच बैठकीत उरकून टाका.